भुरीचे सात टाके

कडुनिंबाला मोहोर आला की आमच्या हॉस्टेलात परीक्षा जवळ आल्याचं कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. दुपारी ओस असलेली गच्ची संध्याकाळी भरून जाते. मुली वही छातीशी धरून येरझाऱ्या घालतात, ओठ हलत असतात, चपला घासत असतात. मेसच्या मावशी उरलेल्या पोळ्यांकडे बघून म्हणतात की उपाशी डोक्यात काही राहत नसतं. तो मोहोराचा कडवट गोड वास खिडकीतून आत येतो आणि उघड्या पुस्तकावर येऊन बसतो. मला तो आवडतो की त्याची भीती वाटते, हे अजून नीट ठरवता आलेलं नाही.

या वर्षी त्या वासात एक आवाज मिसळला. माझ्या शेजारच्या खाटेवर सुजाता राहते. ती जेवताना मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून मालिका बघते. परवा त्या मोबाइलमधून एक बाई घाईघाईने, हिंदीत, आधी पाणी उकळायला सांगत होती. माझा घास हातातच राहिला. तो आवाज मी ओळखत होते.

सुजाताने विचारलं, ही बघितलीय का तू? मी म्हटलं, अर्धी. तिला हसू आलं. एवढी चांगली मालिका अर्धी कोण सोडतं? मी सांगितलं, तेव्हा परीक्षा होती. ते खरं होतं, पण पूर्ण खरं नव्हतं.

मालिका कोरियातली, हिंदीत आवाज दिलेली. आजच्या काळातली एक डॉक्टर बाई धुक्यातून पुलावरून चालत जाते आणि पलीकडे उतरते ती थेट काहीशे वर्षं मागे, राजाच्या काळात. अंगावर पांढरा कोट, खिशात एक छोटी कात्री आणि एक पेन. बाकी काही नाही. तिथले वैद्य राणीची नाडी रेशमी कापड मध्ये घालून बघतात. ताप आला तर मुळ्या उकळतात, कुठे कुठे सुया टोचतात. तिच्यावर कुणाचाच विश्वास नाही. मग एक दिवस तलवारीने कापलेला शिपाई आणतात. ती पाणी उकळते, सुई उकळते, रेशमाचा दोरा उकळते आणि सगळ्यांसमोर त्याची जखम शिवते. शिपाई जगतो. त्या दिवसापासून तिला दरबारात वाट मिळते.

हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी एका बाभळीखाली बसले होते आणि माझ्यासमोर शंभरावर मेंढरं उसाच्या कापलेल्या फडात पाचट हुंगत फिरत होती.

आमचं घर धारूरच्या डोंगराच्या अंगाला. पण घरात आम्ही वर्षातले थोडेच महिने असतो. डोंगर वाळला की माझे वडील, आप्पा, मेंढरं घेऊन खाली तेलगावच्या बाजूला उतरतात. ऊस गेलेला असतो, कापसाची पऱ्हाटी उपटलेली असते, आणि शेतकरी आमची वाट बघत असतात. मेंढरं रात्रभर रानात बसली की त्यांच्या लेंड्यांचं खत पडतं. म्हणून आज या शेतात, परवा त्या शेतात असा मुक्काम हलत राहतो. दोरीच्या जाळीची वाघूर लावायची, तिच्यात मेंढरं कोंडायची, तीन दगडांची चूल मांडायची की झालं घर. शाळेमुळे मी गावी चुलत्यांकडे राहिले, पण सुट्टी लागली की मीही या हलत्या घरात जायची.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात माझी बारावी झाली होती आणि नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला महिना उरला होता. पोत्यात पुस्तकं घालून मी मुक्कामावर आले. शाळेतल्या मैत्रिणीने माझ्या मोबाइलमध्ये ती मालिका भरून दिली होती. मोबाइलच्या पडद्याला तडा गेलेला. शेतकऱ्याच्या विहिरीवर मोटारीच्या खोलीत तो सकाळी चार्जिंगला लावायचा आणि लाइट गेली की बसायचं वाट बघत. मी स्वतःशी नियम केला होता: एक धडा वाचला की एक भाग बघायचा. सुरुवातीचे काही दिवस तो पाळलाही.

माझ्याबाबत आणखी एक गोष्ट ठरायची होती. माझा मामा केजला जीप चालवतो. त्याने एक स्थळ आणलं होतं. मुलगा चांगला होता, त्याबद्दल मला तक्रार नाही. मामाचं म्हणणं एवढंच की पोरगी कॉलेजात गेली की स्थळ थांबत नसतं. आप्पांनी सांगितलं होतं, बघू. आमच्याकडे 'बघू' म्हणजे काय, ते म्हणणाऱ्यालाच ठाऊक असतं. घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं, त्यामुळे आप्पांकडे मोजायला मापच नव्हतं. मी मनात धरून बसले होते की त्यांना काहीतरी दिसलं पाहिजे. आपण शिकून काय करणार, ते डोळ्यांनी दिसलं पाहिजे.

आणि मग भुरीला कुत्री चावली.

भुरी आमची जुनी मेंढी. रंगावरून नाव. तिला दहा-बारा दिवसांचं कोकरू होतं, म्हणून ती कळपाच्या मागे मागे राहायची. आप्पा तेलगावला बाजारात गेले होते. दोन मोकाट कुत्री पाचटातून आली आणि तिच्या मागच्या मांडीला लोंबकळली. आई काठी घेऊन धावली, मी दगड मारत धावले. कुत्री पळाली, पण मांडी फाटली होती. कातडी बाजूला झाली होती आणि आतलं लाल मांस हलत होतं. ती पाय उचलायची तेव्हा ते आखडायचं, टेकवायची तेव्हा सैल पडायचं. मी आधी कधी एवढ्या जवळून काही बघितलं नव्हतं.

आईने हळदीचा डबा काढला. मी म्हटलं, थांब.

चहाच्या भगुण्यात मी पाणी उकळलं. वाकळ शिवायची सुई त्यात टाकली, पांढरा दोरा टाकला. आईला भुरीचं डोकं मांडीत धरायला लावलं. हात साबणाने धुतले, कोपरापर्यंत, ती बाई धुते तसे. आणि जखमेला टाके घातले. सात टाके. टाके सरळ आले. लहानपणापासून वाकळा शिवलेल्या हाताला ते अवघड नव्हतं. शेवटची गाठ मारली तेव्हा जखम बंद झाली होती, एक लाल रेघ फक्त. आई माझ्याकडे अशी बघत होती की मला वाटलं, आता वाट मिळाली.

संध्याकाळी आप्पा आले. काठी टेकून खाली बसले, भुरीचा पाय हातात घेतला, रेघेवरून अंगठा फिरवला.

"बाई, जखमेचं तोंड कावून बंद केलंस?"

मी सांगितलं की जखम उघडी ठेवली तर जंतू जातात. मी उकळलेल्या सुईने शिवलंय. त्या मालिकेतल्या डॉक्टरनेही असंच शिवलं आणि शिपाई बरा झाला, तेही सांगितलं. आप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्याला कुत्रं चावलतं का?"

मी म्हटलं, नाही, तलवार लागली होती.

"तलवारीचं निराळं. कुत्र्याचा दात आत घाण ठिवून येतोय. तिला बाहीर यायला वाट नगं का?"

मला राग आला. आज लिहितानाही त्या रागाची लाज वाटते. मी म्हटलं, आप्पा, ह्या जुन्या गोष्टी आहेत. हे पुस्तकात असतं, तुम्हाला नाही कळणार. खरं तर ते माझ्या पुस्तकात नव्हतं. मी पुस्तक वाचून टाके घातलेच नव्हते, मोबाइल बघून घातले होते.

त्यांनी कात्री घेऊन तिथल्या तिथे टाके काढले असते तर बरं झालं असतं. त्यांना माहीत होतं. चाळीस वर्षं मेंढरांमागे फिरलेला माणूस. पण ते उठले आणि म्हणाले, "बरं. तू शिकलेली हायस." त्यात टोमणा नव्हता. त्यांनी खरंच मान्य केलं, आणि मला आजही तेच लागतं.

दुसऱ्या दिवशी भुरी चरायला उठली नाही. तिसऱ्या दिवशी मांडी फुगून दगडासारखी झाली, हात लावला तर भाजायची. टाक्यांमधून वास येत होता. कोकरू तिच्या पोटाखाली तोंड घालायचं आणि ती त्याला लाथेने दूर सारायची. दुपारभर ते ओरडत होतं. मी पुस्तक समोर धरून बसले होते आणि एक ओळ डोक्यात जात नव्हती. मोबाइल मी पोत्याच्या तळाशी टाकला होता.

नेमका त्याच दिवशी मामा आला. जीप बांधावर उभी करून, रुमालाने तोंड पुसत. त्याने भुरी बघितली, टाके बघितले, आईकडून सगळं ऐकलं आणि मोठ्याने हसला.

"डॉक्टरीणबाई, तुमचा पहिलाच पेशंट निघाला की गावाला." मग आप्पांकडे वळून म्हणाला, "दाजी, मेंढीची ही गत, मंग माणसं कुणाच्या जिवावर हिच्या हाती द्यायची? ती परीक्षा राहू द्या. पाहुणे थांबलेत."

मामा वाईट माणूस नाही. पावसाळ्यात आई आजारी होती तेव्हा त्यानेच जीप काढली होती. पण त्या दिवशी तो खोटंही बोलत नव्हता. मेंढी माझ्यामुळे मरत होती.

आप्पांनी लोकर कातरायची कात्री काढली, जाळावर धरली, आणि माझ्यापुढे केली.

"तूच घातलेस. तूच काढ."

मी एकेक टाका कापला. तिसऱ्या टाक्यालाच आतलं सगळं बाहेर आलं. माझ्या हातावर, परकरावर. मी कात्री सोडली नाही, कारण आप्पा बघत होते. त्यांनी कडुनिंबाचा पाला उकळून ठेवला होता. त्या कोमट पाण्याने धुवायला लावलं, एकदा, दोनदा, पाणी स्वच्छ येईपर्यंत. बोट घालून आत पोकळी कुठवर गेलीय ते बघायला लावलं. मांसाचे पदर कसे एकावर एक असतात, कुठला पदर कुठे चिकटतो, घाण कुठल्या पदराखाली दडते, ते बोटाने दाखवलं. मग कडेला त्यांच्या पिशवीतला सीताफळाचा वाळवून कुटलेला पाला लावला, माश्यांनी किडे घालू नयेत म्हणून. आणि जखम तशीच उघडी ठेवली.

मामा बांधावर बसून हे बघत होता. आप्पा हात धुता धुता त्याला म्हणाले, "चुकली म्हणून तर धाडायचं शिकाया. ज्याला सगळं येतंय, त्याला कशाला लागतंय कॉलेज?"

मामा म्हणाला, "आन् स्थळ?"

"स्थळाला सांग, पोरगी शिकायली."

एवढंच. कुठला दरबार नाही, कुणी आश्चर्याने बघितलं नाही. माझ्या हाताला वास येत होता आणि वाट मिळाली होती. ज्यासाठी मी टाके घातले, ते टाके काढताना मिळालं.

भुरी जगली. सकाळ-संध्याकाळ तिची जखम मी धुतली, आणि मधल्या वेळात पुस्तक. त्या महिन्यात मी जेवढा अभ्यास केला तेवढा आधी कधी केला नव्हता. मालिकेचे शेवटचे भाग राहिले ते राहिलेच. परीक्षेच्या दिवशी आप्पा माझ्याबरोबर आले. धारूरहून जीप, केजहून एसटी. केंद्राच्या फाटकाबाहेर ते पटका, काठी आणि खांद्यावर घोंगडी अशा वेशात तीन तास उभे होते. बाहेर आल्यावर त्यांनी पेपर कसा गेला ते विचारलं नाही. विचारलं, "पाणी पिलीस का?"

पहिल्या वर्षी एकदा वर्गात जखमांचा धडा होता. मॅडम सहज सांगून गेल्या की जनावर चावल्याची जखम शक्यतो लगेच शिवत नाहीत; वाहत्या पाण्याखाली साबणाने भरपूर धुतात आणि उघडी ठेवतात, आतली घाण बाहेर यायला वाट हवी म्हणून. माझ्या हातातलं पेन थांबलं. आप्पांचं वाक्य इंग्रजी पुस्तकातून परत आलं होतं. मग मॅडम पुढे म्हणाल्या की सगळ्यात आधी रेबीजची लस, आणि अशा जखमेत उघड्या हाताने बोट घालायचं नाही. तेव्हा मात्र अंगावर काटा आला. आम्ही दोघांनीही बोटं घातली होती. जनावरांच्या दवाखान्यात जायचं आमच्यापैकी कुणाच्याच मनात आलं नव्हतं. म्हणजे आप्पांचंही सगळंच बरोबर नव्हतं, आमचं नशीब बरोबर होतं. पुढच्या सुट्टीत मी त्यांना लसीचं सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि त्यानंतर एका मेंढीला कुत्रं चावलं तेव्हा ते तिला स्वतः दवाखान्यात घेऊन गेले. आईने फोनवर सांगितलं.

हे सगळं सांगितलं, पण जे सांगायचं म्हणून लिहायला बसले ते अजून सांगितलंच नाही.

पहिल्या वर्षात माझा एक विषय राहिला आहे. शरीररचनेचा. सगळं इंग्रजीत, सगळी नावं जीभ अडकवणारी. वर्गातल्या मुली ती गाण्यासारखी म्हणायच्या. मी तीच नावं देवनागरीत लिहून पाठ करायची आणि पेपरात स्पेलिंग येईना. निकाल लागला. दिवाळीत घरी गेले. आईने विचारलं, पास झालीस ना? मी म्हटलं, झाले. आप्पांनी त्या दिवशी वस्तीवरच्या सगळ्यांना गुळाचा चहा पाजला. मी तो प्यायले.

तेव्हापासून ते खोटं आत आहे. वरून रेघ सरळ दिसते. दर रविवारी फोनवर मी चांगली बोलते, आणि फोन ठेवला की काहीतरी ठणकत राहतं. पुस्तक उघडलं की हाडांच्या चित्राऐवजी तो चहा दिसतो. सोमवारी पुन्हा पेपर आहे. या वेळी निघाला नाही तर तिसऱ्या वर्षाला बसता येणार नाही, आणि मग स्थळ घेऊन यायला मामाच्या जीपला तेलगावचा रस्ता पाठ आहे.

परवा सुजाताच्या मोबाइलमधून तो आवाज आला तेव्हा हे सगळं एकदम वर आलं. सुजाता शेवट सांगायला निघाली होती, ती बाई परत येते की तिथेच राहते. मी तिला थांबवलं. म्हटलं, सोमवारनंतर मी बघणार आहे. ती बाई मला आता पूर्वीसारखी मोठी वाटत नाही. तिला लेखकाने तलवारीचीच जखम दिली होती. पण तिचा एक गुण मी घेणार आहे. ती ज्या काळात पडते तिथे जे आहे त्यावर सुरुवात करते. रडत बसत नाही.

काल संध्याकाळी मी गच्चीच्या टोकाला गेले आणि रविवार नसताना घरी फोन लावला. आप्पांनी उचलला. मागून मेंढरांचा आवाज येत होता, वाघूर लावायची वेळ होती.

मी म्हटलं, आप्पा, दिवाळीत मी खोटं बोलले. मी एका विषयात नापास आहे.

पलीकडे एक कोकरू ओरडलं. कुणीतरी त्याला हाकललं.

"किती विषयांत?"

"एका."

"परत देता येतंय का?"

"येतंय. सोमवारी हाय."

"कसला हाय इषय?"

मी सांगितलं, अंगात काय काय कुठं असतं त्याचा.

मला वाटलं, आता मामाचं नाव निघेल. चहाचं निघेल. त्यांनी दोरी ओढल्याचा आवाज आला, मग श्वास सोडल्याचा.

"भुरीच्या मांडीत तर बोट घालून बघितलंस की सगळं," ते म्हणाले. "मंग फोनवर टाइम कावून घालायलीस? बस अभ्यासाला."

आणि नेहमीप्रमाणे, ठेवतो वगैरे काही न म्हणता त्यांनी फोन ठेवला.

गच्चीवर मुली पाठांतर करत होत्या, चपला घासत होत्या. रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. भूक लागली. खाली जाऊन मावशींकडून दोन पोळ्या मागून घेतल्या.

खोलीत आले तेव्हा पुस्तक डोक्याच्या हाडापाशी उघडं पडलेलं होतं. गेल्या वर्षीही मी तिथूनच सुरुवात केली होती आणि मानेपर्यंत पोहोचून थकले होते. मी पानं उलटली. मांडीच्या चित्राशी आले. एकावर एक पदर, प्रत्येकाला बाण, प्रत्येक बाणाला लांबलचक इंग्रजी नाव. मी बोट ठेवलं. हा पदर पाय उचलताना आखडतो. हा याच्याखाली दडतो. हा इथे हाडाला चिकटतो. हे मला माहीत होतं. फक्त नाव माहीत नव्हतं.

कोऱ्या कागदावर मी मांडी काढली आणि पहिलं नाव लिहिलं. एकेक अक्षर बघून, सावकाश, इंग्रजीत.